लाकूड व्यापारी संघाच्या खुर्चीचा तपास

चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, परदेशात पळणारे भामटे विमानतळावर जाऊन उचलले. तरी घरी पाहुणे आले की बायको हटकून म्हणते, "ती खुर्चीची केस सांगा ना." ती मलाही कालच घडल्यासारखी आठवते. नावं मात्र कुणाची लिहीत नाही. बहुतेक मंडळी हयात आहेत आणि त्यांची दुकानं चालू आहेत.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मुलुंडच्या एका ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे ठाण्यात एकच विषय, एकतीस तारखेचा बंदोबस्त. सकाळी नाकाबंदीच्या ड्यूट्या लावत बसलो होतो, तेवढ्यात लाकूड व्यापारी संघाचे पाच पदाधिकारी केबिनमध्ये घुसले.

"साहेब, आमची खुर्ची गेली," चिटणीस म्हणाले.

मला वाटलं, निवडणूक हरलेत. "मग पोलीस काय करणार? पुढच्या वेळी परत उभे राहा."

"तशी नाही हो साहेब! खरी खुर्ची. बसायची. अध्यक्षांची."

त्यांनी संघाचं वर्षअखेरचं वार्तापत्र माझ्यासमोर ठेवलं. आठ पानं, गुळगुळीत कागद. प्लायवूडने सागवानाचा धंदा कसा खाल्ला, सभासदांच्या क्रिकेट सामन्यात कुणाचा पाय मुरगळला, कुणाची नात डॉक्टर झाली, असल्या बातम्या. पहिल्या पानावर खुर्चीचा मोठा रंगीत फोटो. उंच पाठ, हातांवर सिंहाची तोंडं. खाली मजकूर होता: अस्सल बर्मा सागवान, चाळीस वर्षांची परंपरा, हलवायला दोन माणसं लागतात. जानेवारीत गोरेगावच्या प्रदर्शनात ती मांडली जाणार होती आणि लाकडाचे तज्ज्ञ तिची तपासणी करून प्रमाणपत्र देणार होते. वार्तापत्र वाटून चौथ्या दिवशी खुर्ची सभागृहातून गायब. तीस तारखेला वार्षिक सभा, आणि नवे अध्यक्ष तिच्यावर बसल्याशिवाय अध्यक्ष होत नाहीत अशी प्रथा.

"संशय कुणावर?"

चौघे एकदम म्हणाले, "वॉचमन. चाव्या त्याच्याकडे असतात."

पाचवे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, संघाचे माजी अध्यक्ष. ते हळूच म्हणाले, "जाऊ द्या हो. गरीब माणूस आहे. खुर्ची काय, नवी करू."

मी त्यांना मनातल्या मनात दयाळू माणूस म्हणून जमा केलं आणि वॉचमनला बोलावलं. तिथे माझं चुकलं.

वॉचमन कोकणातला, वय साठीच्या आसपास. वडील गिरणीत होते, हा बावीस वर्षं संघाच्या दारावर. गंमत म्हणजे त्याच वार्तापत्रात पान चारवर याचाही फोटो होता. प्रामाणिक सेवेबद्दल तीस तारखेच्या सभेत सत्कार ठरला होता. शाल-श्रीफळ आणून ठेवलं होतं, आणि आता चिटणीसांनी त्याच्या बडतर्फीचं पत्र टाइप करून घेतलं होतं.

"खुर्ची कुठे आहे?"

"साहेबानू, माका काय एक म्हायत नाय."

"चाव्या तुझ्याकडे होत्या ना?"

"होत्यो. पण मी ती खुर्ची चोरून करू काय? माझ्या खोलयेत ती मावाची नाय. आणि तिच्यार बसतलो कोण? मी बावीस वर्सां स्टुलार बसतंय."

दोन दिवस त्याला ठाण्याच्या बाकावर बसवलं. तू कुठे होतास, कोण आलं, कोण गेलं, तेच ते प्रश्न फिरवून फिरवून विचारले. हात लावला नाही, एवढंच. तो दरवेळी तेच सांगायचा आणि मधूनच विचारायचा, "सत्काराक कापडां इस्त्री करूक टाकू काय नको?" कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं, तर त्यात लाकडाच्या थप्प्या आणि रोज भुसा, ढलप्या भरून बेकऱ्यांकडे जाणारा टेम्पो. दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी खबर मिळाली ती खबऱ्याकडून नव्हे. आमच्या ठाण्यातली एक महिला हवालदार हातात मासळीची पिशवी घेऊन धापा टाकत आली. तिने माझ्या टेबलावरचं वार्तापत्र उचललं, फोटो बघितला आणि म्हणाली, "सर, हीच! आत्ता हिच्यासमोर उभं राहून बोंबील घेतले मी."

जीप काढली. मासळी बाजारात मधोमध, बर्फाच्या पेट्यांच्या पुढे, सिंहांच्या डोक्यावर हात ठेवून एक कोळीण ऐटीत बसली होती. समोर पापलेटांची रांग. कुठल्याही अध्यक्षाला ती खुर्ची इतकी शोभली नसेल.

"मावशी, उठा. ही चोरीची खुर्ची आहे."

"चोरीची? येडा हाय का तू? टेम्पोवाल्याने दिली मना. भट्टीत जाळायला चालली होती. दोन सुरमया दिल्या त्याला. आता गिऱ्हाईकाची येल हाय, मना उठवू नको."

"मावशी, पोलीस आहोत."

"मग मासं घे आन जा!"

पाच मिनिटं हुज्जत घालून ती उठली, आणि आमच्या शिपायांना बाजूला सारत तिने स्वतःच खुर्ची उचलली. एका हाताने. दुसऱ्या हातात कोयता होता.

मी जागच्या जागी थांबलो. दोन माणसं लागतात असं छापलं होतं ना?

पंचनाम्याच्या वेळी खुर्ची उलटी केली. चार-पाच दिवस बर्फाचं पाणी पिऊन पायांवरची साल सुटली होती. वर कागदासारखा पातळ सागवानी पापुद्रा आणि आत आंब्याचं हलकं लाकूड, फळांच्या पेट्यांचं असतं तसं. बैठकीच्या खालच्या अंगाला पुसट रंगात एक बाण आणि त्यापुढे शब्द होते: 'ही बाजू वर'.

टेम्पोवाल्याला बोलावलं. त्याने जराही आढेवेढे घेतले नाहीत. "साहेब, शेठनेच सांगितलं, जुनं लाकूड आहे, बेकरीत टाकून ये. दुपारी वॉचमन जेवायला गेल्यावर चटईत गुंडाळून त्यांनीच गाडीत ठेवली. पण इतकी झकास चीज जाळायला जीव होईना ना. मावशी बिचारी थर्माकोलच्या खोक्यावर बसायची, तिला दिली."

"कुठले शेठ?"

"मोठे. माजी अध्यक्ष."

तोपर्यंत मुद्देमालाच्या खोलीबाहेर सात मांजरं जमली होती. माजी अध्यक्ष आले तेव्हा मी त्यांना काही विचारलं नाही. त्या खोलीत नेलं आणि एवढंच म्हटलं, "उचला." त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मांजरांकडे पाहिलं आणि खुर्ची न उचलता तिच्यावरच बसले.

"चाळीस वर्षं झाली साहेब. तेव्हा मी संघाचा तरुण चिटणीस. सगळ्यांनी मिळून उत्तम सागवान दिलं, खुर्ची करून घ्यायला. मी फळ्या घरी आणून ठेवल्या. मी बाहेरगावी गेलो आणि आईने सुतार बोलावून देव्हारा करून घेतला. परत येतो तो देव बसलेले! आता देवाखालचं लाकूड काढून अध्यक्षाखाली कोण घालणार? आणि आईला कोण सांगणार?"

"आणि संघाला?"

"संघाला सांगणं त्याहून कठीण. मग आंब्याची खुर्ची केली, वर सागाची साल चढवली. म्हटलं, वर्षभरात पकडतील. पण दर सभेला एकेक दिग्गज यायचा, हातावर टकटक करायचा आणि म्हणायचा, 'वा, असा साग आता मिळत नाही!' मग माझी हिंमतच होईना. आता तज्ज्ञ बघणार म्हटल्यावर झोप उडाली."

"आणि वॉचमनची उडाली ती?"

त्यांनी मान खाली घातली. "म्हणून तर म्हणालो, जाऊ द्या."

"जाऊ द्या म्हणणं आणि मी केलं म्हणणं, यात फरक असतो शेठ."

तीस तारखेच्या दुपारी भरसभेत त्यांनी सगळं सांगितलं. माझ्यासमोरच. सभागृहात शंभरेक लाकूड व्यापारी होते. प्रत्येकाने कधी ना कधी त्या खुर्चीवर टकटक केली होती. शेवटी एक म्हातारे सभासद उठले. "हे बाहेर गेलं, तर उद्या आपल्याकडून एक फळी कोण घेईल?"

तिथे एकमत झालं. तक्रार नसल्याचे जबाब इतक्या तत्परतेने लिहून देणारे फिर्यादी मी दुसरे पाहिले नाहीत. पुढच्या वार्तापत्रात बातमी आली, 'ऐतिहासिक खुर्ची वयोमानामुळे सेवामुक्त.' खुर्ची कोळणीला परत गेली. तिने माजी अध्यक्षांना निरोप धाडला, दोन सुरमयांचे पैसे तुमच्याकडे मागत नाही, पण खुर्चीचे पाय दुरुस्त करून द्या.

बडतर्फीचं पत्र चिटणीसांनी सगळ्यांसमोर फाडलं. माजी अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने वॉचमनच्या खांद्यावर शाल घातली आणि वाकून त्याचे पाय धरायला गेले. त्याने त्यांना वरच्या वर सावरलं. सभा संपल्यावर मी त्याच्यापाशी गेलो. दोन दिवस बाकावर बसवल्याची चूक कबूल करणं माझ्या गणवेशाला जड जात होतं, म्हणून इकडचं तिकडचं बोलायला लागलो. "बघ ना, एवढे मोठे व्यापारी, कुणाला कळलं नाही, खुर्ची आंब्याची आहे ते."

तो म्हणाला, "माका म्हायत होता."

"काय?"

"बावीस वर्सां रोज केर काढतंय. एका हातान उचलूची, खाली झाडू मारूचो, परत ठेवूची. साग असो उचलता काय?"

"मग दोन दिवसांत बोलला का नाहीस?"

"तुमी माका इचारल्यात, खुर्ची खय हा. खुर्ची कसली हा, ता कोणी इचारल्यान?"

मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "चुकलो." तो लाजला आणि शाल नीट करत दाराकडे गेला. सभासद बाहेर पडत होते, त्यांच्या गाड्या काढून द्यायच्या होत्या.

पोलीस प्रश्न विचारतो म्हणजे त्याला माहिती मिळते असं नाही. मी दोन दिवस एका माणसाला प्रश्न विचारले, पण ते सगळे मला आधीच ठरवलेल्या उत्तराकडे नेणारे होते. ज्याला संशयित म्हणून बसवलं, तोच माझा सगळ्यात मोठा साक्षीदार होता, आणि साक्षीदाराला साधा चहासुद्धा विचारला नव्हता. उरलेल्या दोन वर्षांत माझ्यासमोर जो आला, त्याला मी पहिल्यांदा एवढंच म्हणायचो, "बस. तुला काय माहीत आहे, ते तुझ्या पद्धतीने सांग." मग पेन खाली ठेवायचो. वेळ जास्त जायचा. गुन्हेही जास्त उघडकीला यायचे.