खुरसाला दिलेलं गाणं

आमच्या चर्चच्या पॅरिशने गायनांचं नवं पुस्तक छापलं, तेव्हा सगळ्यांसारखी मीही रांगेत उभी राहून ते घेतलं. बाकीचे मुखपृष्ठ बघत होते. मी सरळ वडिलांचं गाणं काढलं. गाण्याखाली, जिथे लिहिणाऱ्याचं नाव असतं तिथे, छापलं होतं : पारंपरिक.

माझे वडील रापणीवर दोर ओढायचे. किनाऱ्यावरून ओढायच्या त्या मोठ्या जाळ्याचा दोर माणसाच्या तळहाताची सालं काढतो. त्या हातांनी त्यांनी हे गाणं केलं आणि आमच्या वाडीवरच्या खुरसासमोर पहिल्यांदा म्हटलं. खुरीस म्हणजे रस्त्याकडेचा पांढरा क्रूस. दर मे महिन्यात तिथे लादीन होते, म्हणजे संध्याकाळची प्रार्थना आणि गायनं. मग उकडलेले चणे वाटतात. वडील गेले तरी गाणं राहिलं. लग्नात, मयतात, सगळीकडे ते म्हणतात. आणि आता ते परंपरेचं झालं. परंपरा काय पहाटे उठून रापणीवर जात होती?

त्यातून शब्दही बदललेले. वडिलांची ओळ अशी होती : ‘दोर हातातसून सुटलो, तुजो हात माका गावलो.’ गावलो म्हणजे सापडला. पुस्तकात दोर नाहीच. तिथे ‘भवसागर’ आणि ‘करुणाकर’ आले होते. भवसागरात रापण लावलेली मी तरी पाहिलेली नाही.

मी तडक गायनमंडळाच्या मास्तरांकडे गेले. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, पेटी चांगली वाजवतात. बोलतात हळू, म्हणजे समोरच्याने आवाज चढवला की तोच वाईट दिसतो.

“मालवणी सगळ्या पॅरिशला कशी चालेल, बाई? जरा शुद्ध केलं, एवढंच.”

“आणि नाव? तेही अशुद्ध होतं?”

“पुरावा काय, तुमच्या वडिलांचं म्हणून?”

मी धक्क्यावरच्या लिलावात वाढले. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली, आज माझी मासळी बर्फात बसून बांद्यापलीकडे गोव्यात जाते. समोरचा पुरावा मागायला लागला की त्याला माल ठाऊक असतो, हे मला कळतं. म्हणून मी माझा एक्का काढला. खुरसाच्या सणाला सगळ्या वाडीचं जेवण होतं, आणि त्याची मासळी दर वर्षी माझ्याकडून जाते.

“नाव नाही, तर या वर्षी सुरमई नाही. डाळभात जेवा.”

मास्तर हसले. “सुरमईवरून गायन ठरवणार तुम्ही?”

“तुम्ही पेटीवरून ठरवलंत ना?”

दोन दिवसांनी त्यांनी निरोप धाडला : पुढच्या छपाईत ‘एका रापणकाराची रचना’ असं घालू. मी निरोप परत पाठवला. रापणकार वाडीत पन्नास होते. माझा बाप एकच होता.

शेवटी प्रकरण फादरांकडे गेलं. फादर तरुण, बाहेरगावचे, भांडणाला कंटाळलेले. ते म्हणाले, गाणं रचताना ज्याने ऐकलं असेल असं माणूस आणा, मी स्वतः नाव घालून घेतो. मला वाटलं, सौदा झाला. असं माणूस माझ्या घरात होतं. माझी आई.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तिला रिक्षाने गायनमंडळाच्या खोलीत नेलं. फादर, मास्तर, मी. आईने काठी मांडीवर आडवी ठेवली.

फादरांनी विचारलं, “आजी, हे गाणं कोणी केलं?”

“माज्या घोवान. रापण टाकताना होडी उलाटली, तेवा नवस केलो तेनी. जिवंत रवलंय तर खुरसाक गाणा घालीन म्हणान.”

मी मास्तरांकडे पाहिलं. ते पेटीकडे पाहत होते.

“मग त्यांचं नाव घालूया?” फादर म्हणाले.

“नाव कित्याक?” आई म्हणाली. “दिललां ता. खुरसाक घातलेली सोन्याची चेन कोण परत मागता? तेवाच सांगल्यान माका, माजा नाव घेव नको म्हणान.”

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी तिच्यासमोर या गाण्याचा अभिमान मिरवला, ती एका शब्दाने बोलली नव्हती.

“माये,” मी म्हटलं, “तेनी गाणा दिल्यान, देवान जीव दिलो. म्हणजे सौदो झालो. सौद्यात दोघांचा नाव असता.”

“तुका सगळ्यात बाजारच दिसता गो, चेडवा.”

मास्तरांनी खोकल्याआड हसू लपवलं. मी तिथे काय बोलले ते लिहीत नाही. फादरांनी खिडकी लावून घेतली.

सणाला सुरमई गेली. मी पाठवली नाही, आईने माझ्या गड्याला परस्पर सांगितलं.

लादीन सुरू झाली. मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या, पोरी त्या पुन्हा लावत होत्या. मास्तरांनी पेटीवर सूर धरला आणि सगळी वाडी भवसागर म्हणायला लागली. आई माझ्या शेजारी खुर्चीवर होती. तिच्या तोंडात जुनेच शब्द होते, दोर, हात, आणि ती सगळ्यांच्या थोडी मागे पडत होती. तिला त्याचं काही नव्हतं. मी ओठ मिटून उभी राहिले.

चणे वाटताना तिने विचारलं, “तू कित्याक म्हणूक नाय?”

“तेनी खुरसाक दिल्यान,” मी म्हटलं. “माज्याकडसून ह्येंनी काढून घेतल्यानी.”

तिने तिच्या पानातले चणे माझ्या पानात घातले. मी ते तसेच ठेवून घरी आले.