ओहोटीचा फोटो

समुद्र दिसणारं घर मिळावं म्हणून मुंबईत माणसं काय काय करतात ते सांगायला नको. वरळीची बीडीडी चाळ पडली, तिथे टॉवर उभे राहिले आणि मायाबाईंना नशिबाने थेट समुद्राकडच्या खिडकीचं घर लागलं. शेजारणी पेढे मागायला आल्या. बाईंनी पहिलं काम काय केलं, तर त्या खिडकीला जाडजूड पडदा शिवून लावला.

"आई, या व्ह्यूसाठी लोक करोडो मोजतात गं!" मुलगा संघर्ष वैतागला.

"मग त्यांना बोलव बघायला," बाई म्हणाल्या, आणि पडदा ओढला तो ओढलाच.

बाईंचं समुद्राशी वैर होतं. नवरा कोंडीराम बत्तीवाला. कुलाब्याच्या टोकाच्या पुढे, खडकावर एक जुना दीपस्तंभ आहे, तिथे त्याने सगळी नोकरी काढली. दोन माणसं वर राहायची, पंधरा दिवसांनी सरकारी बोट यायची आणि पाळी बदलायची. लग्न ठरवताना बाईंच्या वडिलांनी सरकारी नोकरी तेवढी पाहिली, मधलं पाणी पाहिलं नाही. मग चाळीत नळावरची भांडणं बाईंनी निस्तरली, परळच्या शाळेत शिपायाची नोकरी धरली, सासूची आजारपणं काढली. कोंडीराम घरी यायचा तो पाहुण्यासारखा. दोन दिवस कौतुक, तिसऱ्या दिवशी पोरांच्या आवाजाने त्याचं डोकं दुखायचं. वर फार शांत असतं, असं म्हणायचा. एकटा राहून राहून माणूस असा झाला, असं म्हणून बाई पोरांनाच गप्प करायच्या.

पण वैर त्यावरून नव्हतं. वैर रश्मीवरून होतं.

रश्मी थोरली. सहा वर्षांची असताना ताप मेंदूत गेला आणि माघी पौर्णिमेच्या संध्याकाळी, विहारात वंदना चालू असताना, ती गेली. खालच्या वाण्याच्या दुकानातून कोंडीरामच्या ऑफिसला फोन झाला, ऑफिसने रात्रीच वायरलेसवर खडकाला कळवलं. चाळीतली माणसं म्हणाली, वहिनी, लहान जीव आहे, ठेवू नका. बाईंनी ऐकलं नाही. बाप आल्याशिवाय न्यायचं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोरीला मांडीवर घेऊन बसल्या. शेवटी भावाने हातातून काढून घेतली. कोंडीराम पाचव्या दिवशी आला. दारातच बसला आणि म्हणाला, "बोट दुरुस्तीला गेली होती गं. चारही बाजूंनी पाणी. काय करणार होतो मी?"

काय करणार होता बिचारा! बाईंनी सगळं खापर समुद्रावर फोडलं. वरळीत राहून बाई कधी सी फेसला गेल्या नाहीत. नातवंडांना चौपाटीला न्यायचं तर सुनेने न्यावं.

गेल्या थंडीत दादरची नूपुर नावाची फोटोग्राफर घरी आली. मुलगी गोड, गळ्यात भलामोठा कॅमेरा. दीपस्तंभ आणि तिथल्या माणसांचं एकटेपण यावर तिला प्रदर्शन भरवायचं होतं. कोंडीरामचं इतकं कौतुक जन्मात कोणी केलं नव्हतं. तो खुलला. वादळं सांगितली, खारं झालेलं पिण्याचं पाणी सांगितलं. शेवटी रश्मीचंही सांगितलं. "पोरगी गेली आणि मी वर अडकलो. चारही बाजूंनी पाणी." नूपुरचे डोळे भरून आले. बाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून कोणी विचारलं नाही की काकू, खाली किती एकटं वाटायचं. बत्तीवाल्याच्या बायकोचा फोटो कोण काढतं!

"काका, आपण तिथे जाऊ या. परवानगी काढते मी," नूपुर म्हणाली.

"मीपण येणार," बाई म्हणाल्या.

संघर्ष बघतच राहिला. पण बाईंचं ठरलं होतं. ज्याने बापाला लेकीपर्यंत येऊ दिलं नाही ते पाणी मरायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघायचं. किती रुंद आहे, किती खोल आहे, ते कळू दे. जमलं तर त्या पाण्याला माफ करून टाकायचं. रोज पडदा ओढून हात दुखत होते आता.

परवानगीची तारीख आली तशी कोंडीरामची कुरकुर सुरू झाली. "दुसरा दिवस घ्या. त्या दिवशी होडीचं जमणार नाही." नूपुर म्हणाली, काका, परवानगी त्याच दिवसाची आहे. मग तो बायकोच्या मागे लागला. "तुझे गुडघे कुठे धड आहेत? घरी बस." बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला माझी काळजी वाटते. तीस-पस्तीस वर्षांनी का होईना, वाटली. त्यांनी गुडघ्यांना तेल चोळलं आणि पहाटे टॅक्सीत जाऊन बसल्या.

किनाऱ्यावर अप्पा नाखवा उभा होता. त्याची होडी वाळूत कलंडून पडली होती.

"ताई, होडी काय जात नाय. पाणी पार उतरलंय," अप्पा म्हणाला. "टेन्शन नको घेऊ, चालत चला."

"चालत?" नूपुरने विचारलं.

"आज पुनव नाय का! पुनवेला नि अवसेला मोठी ओहोटी. दोनेक तास वाट उघडी असते. घोटाभर पाणी."

समोर पाणी नव्हतंच. काळा, शेवाळलेला खडक लांबवर पसरला होता, मध्ये डबकी, डबक्यांत खेकडे. आणि त्याच्या टोकाला तो दीपस्तंभ, गिरणीच्या चिमणीसारखा, साधा. बाईंनी चपला हातात घेतल्या आणि चालायला लागल्या. घोटे भिजले, साडीची किनार भिजली. त्यापेक्षा जास्त काही भिजलं नाही. मध्ये एक जागा निसरडी होती, तिथे अप्पाने हात दिला.

"पूर्वीपण अशीच होती वाट?" बाईंनी विचारलं.

"मग काय! माझ्या बापाच्या वेळेपासून. काकांसोबत तो शिवा होता ना, बत्तीवाला, तो दर पुनवेला चालत घरी जायचा, मटण खाऊन परत. काकांना विचारा की."

बाईंनी मागे वळून पाहिलं. कोंडीराम बराच मागे, खाली बघत चालत होता. आयुष्य खडकावर काढलेला माणूस पाय कुठे ठेवावा ते शोधत होता.

नूपुर वर गॅलरीत कॅमेरा लावायला गेली. खाली दगडी पायऱ्यांवर दोघंच उरली.

"रश्मी पुनवेला गेली," बाई म्हणाल्या.

त्याने नजर वर गॅलरीकडे वळवली.

"रात्री निरोप मिळाला होता. सकाळी वाट उघडी होती."

"बत्ती सोडून आलो असतो तर नोकरी..."

"शिवाची गेली?"

लाट कुठेतरी लांब फुटत होती. कोंडीरामने तोंडावरून हात फिरवला. "तो म्हणालेला, जा म्हणून. उतरलो होतो मी या पायरीपर्यंत." मग फार हळू म्हणाला, "घरी सगळी रडत असणार. तू असणार. वर शांत होतं गं."

बाईंना रडू आलं नाही. राग इतका आला की हातातल्या चपला खाली पडल्या. उभ्या आयुष्यात या माणसाने एकच अंतर ओलांडायचं होतं, आणि ते घोटाभर पाण्याचं होतं. आणि आपण मात्र, मूर्खासारखं, समुद्राला शिव्या घातल्या.

वाट बुडायच्या आत बाई अप्पासोबत परत निघाल्या. नूपुर आणि कोंडीराम थांबले, कारण तिला भरतीचे फोटो हवे होते. चारही बाजूंनी पाणी आणि गॅलरीत एकटा म्हातारा.

प्रदर्शन छान झालं म्हणे. तोच फोटो मोठा करून लावला होता आणि माणसं त्याच्यासमोर हळहळत होती. नूपुरने विचारलं, काकू, तुम्हाला यातला कुठला देऊ?

"ओहोटीचा आहे?"

"तो लावलाच नाही. त्यात वाट दिसते, एकटेपणा येत नाही."

"तोच दे," बाई म्हणाल्या.

फोटो फ्रेम होऊन आला. बाईंनी त्या दिवशी पडदा काढला, धुतला आणि बोहारणीला देऊन टाकला. समुद्र घरभर आला. फोटो त्यांनी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला, रश्मीच्या फोटोशेजारी, कोंडीरामच्या खुर्चीच्या बरोबर समोर. काळा खडक, उघडी वाट, टोकाला बत्ती.

कोंडीरामने दुसऱ्या दिवशी खुर्ची फिरवून घेतली आणि तो खिडकीकडे तोंड करून बसला. बाई स्वयंपाकघरातून आल्या, त्याला उठवलं आणि खुर्ची पुन्हा होती तशी केली. तेव्हापासून रोज करतात. एक शब्द बोलत नाहीत. घरात आता फार शांत असतं.