विमलच्या पदराच्या गाठी

विमल गेल्याचं मला पुलगावच्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं. वर्ध्याच्या स्टँडवर मी भाजीची पिशवी घेऊन उभी होते. मला ओळखून तो खाली उतरला. "बाई, रोहण्याच्या विमलबाई गेल्या. ताप अंगावर काढत होत्या म्हनते." मग खिशातून औषधाची बाटली काढून म्हणाला, "हे त्यायनंच आणाले सांगतलं होतं. आता कोनाले देऊ?" मला वाटलं, निदान स्वतःसाठी औषध मागवलं होतं बाईनं. बाटलीवरचं नाव वाचलं तर तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याचं, औषध खोकल्याचं... मला रडू आलं नाही. राग आला, आणि महिना होत आला तरी तो उतरलेला नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघी एकदमच रोहण्याच्या शाळेत मास्तरणी म्हणून लागलो आणि एकाच खोलीत राहिलो. सकाळी विमल विहिरीवर जायची ती दोन घागरी आणायला, आणि यायची चार कामं घेऊन. कुणाला आर्वीहून गुळाची ढेप हवी, कुणाची चप्पल शिवून आणायची, कुणाच्या लेकीला सासरी निरोप द्यायचा. एकेका कामाची पदराला एक गाठ. दोन वर्ग तिचे, दोन माझे, मधे भिंत नव्हती. फळ्यावर लिहायला तिनं हात वर केला की त्या गाठी पाठीवर लोंबायच्या आणि माझ्या वर्गातली पोरं पाढे सोडून त्या मोजायची. शाळा सुटली की ओसरीवर गोधडी अंथरायची, चार कोपऱ्यांवर चार विटा. ती गोधडीसुद्धा तिची नसायची. गावातल्या बाया जुनी लुगडी, धोतरं आणून टाकायच्या आणि ही काठापासून सुरू करून धावदोरा फिरवत फिरवत मधे आणायची. मी करवादायचे, "विमल, हे गाव तुला विकून खाईल." ती सुईत दोरा ओवत म्हणायची, "खाऊ दे ना. भूक लागली असन."

नोकरी करत बाहेरून बी.ए. करायचं आमचं ठरलं होतं. बी.ए. झालं की वर्ध्याला हायस्कुलात लागायचं, नळ असलेल्या दोन खोल्या घ्यायच्या, विहिरीची कटकट संपली. संध्याकाळी ती शिवायची आणि मी मोठ्यानं वाचायचे. पुस्तक माझ्या हातात, पण पाठ तिला व्हायचं. मी कुठे अडले तर मान वर न करता पुढचं वाक्य सांगायची. दोघींपैकी कोण पहिल्या वर्गात येणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

शेवटचा पेपर दुपारचा होता. सकाळच्या छोट्या रेल्वेनं आम्ही पुलगावला उतरलो, तिथून वर्ध्याची एसटी धरायची होती. उतरताच माझं लक्ष तिच्या पदराकडे गेलं. गाठ होती. आमच्या घरमालकिणीचा, सखूमायचा चष्मा दुरुस्तीला टाकला होता तो घ्यायचा होता. म्हटलं, येताना घे. "येऊ तवरी दुकान बंद होते, नलू. म्हातारीले दिसून नाई राह्यलं. तू हो पुढं, मी मागच्या गाडीनं आलीच." दुकानदार आला उशिरा. मागची गाडी भरून आली ती थांबलीच नाही. मी पेपर लिहून बाहेर पडले तेव्हा ही फाटकाबाहेर निंबाखाली बसलेली. उशीर झाला म्हणून आत घेतलं नव्हतं. मांडीवर चष्म्याची डबी, आणि पदराची गाठ सोडलेली... मी तिला तिथेच सोडून तडक स्टँडकडे चालू लागले. चष्मा घालून सखूमायनं त्या संध्याकाळी काय केलं असेल? तूर निवडली.

मी पास झाले, वर्ध्याला आले. दर उन्हाळ्यात रोहण्याला जाऊन मी तिच्या मागे लागायचे, की पुन्हा परीक्षेला बस, मी सोबत येते, गाडीत तुझा पदर धरून बसते. ती म्हणायची, "नाई, नलू. आता नाई." गावाला कधी ऐकवला नाही तो शब्द तिनं माझ्यासाठी राखून ठेवला होता. कारण विचारलं तर म्हणे, मी गेली तर इथं कोन? जसं काही तिच्याआधी रोहणं वसलंच नव्हतं.

तेरवीला गेले. पंगतीत बसलेला जो तो एकच सांगत होता, "बाईनं कधी कोनाले नाई म्हटलं नाई." डोळे पुसत सांगत होते. त्या कौतुकानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. अरे, त्यापायीच गेली ना ती. तेवढ्यात चंद्रभागा, विमलच्या हाताखाली शिकून आता आजी व्हायला आलेली पोरगी, अर्धवट शिवलेली गोधडी घेऊन समोर आली. सुई तशीच टोचलेली. "बाई, माह्या मोठ्या पोरीचं बाळंतपण आहे पुढच्या महिन्यात. एवढी पुरी करून देता काय?"

मी सगळ्यांदेखत "नाही" म्हणाले. विमलच्या वाटचंही त्यातच म्हणून टाकलं. चंद्रभागेला राग आला नाही. ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "विमलबाईनंच तापात सांगतलं मले. म्हने, माह्यानं नाई झाली त नलूकडे दे. ते आंधी नाई म्हनन, रागावन, मंग करून देइन." आणि गोधडी माझ्या मांडीवर ठेवून ती वाढायला निघून गेली.

आता ती गोधडी माझ्या वर्ध्याच्या खोलीत अंथरलेली आहे, कोपऱ्यांवर विटा ठेवून. चिडत चिडत शिवते आहे. विमलचे टाके तांदळाएवढे, माझे ढोबळे, ती कुठे थांबली आणि मी कुठे लागले ते आंधळ्यालाही कळेल. मधली वीतभर जागा उरली आणि काल दोरा संपला. आज शाळेतून येताना आणायचा आहे. विसरू नये म्हणून पदराला गाठ मारली आहे.