इथे कार्ड नाही, गरम पाणी आहे

लातूरला आमच्या गल्लीत खोली बघायला आलेले पालक आधी खोली बघत नाहीत, नळ सोडून बघतात. धारेखाली हात धरतात, पाणी गरम आलं की मग विचारतात, एका खोलीत किती मुली. त्यात त्यांचं काही चुकत नाही. मुलीला डॉक्टर करायचं म्हणून परक्या गावात ठेवायची, भल्या पहाटे ती क्लासला जाणार, थंडीत गार पाण्यानं अंथरूण धरलं तर अभ्यास बुडणार. माझी सगळी नोकरी चाकूरकडच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून झाली. ही काळजी मला कळते. मला कळेना ते कार्ड.

गच्चीवरच्या सोलर हीटरच्या देखभालीचा वर्षाचा करार केला की कंपनी एक रंगीत कार्ड देते. हीटर बिघडला की फोन करायचा. गल्लीतल्या एका घरमालकानं ते लॅमिनेट करून दाराशी लावलं, त्याच्याकडे राहून नंबर काढलेल्या मुलींच्या फोटोंच्या शेजारी. पालकांना भारी वाटलं. मग दुसऱ्यानं लावलं, तिसऱ्यानं लावलं. एका दिवाळीनंतर अशी गत झाली की सबंध गल्लीत बिनकार्डाचं घर आमचं एकटंच, आणि पालक नळाआधी दाराकडे बघायला लागले. वरच्या तीन खोल्यांतल्या मुलींच्या भाड्यावरच आमचं दोघांचं म्हातारपण चाललंय. मुली गेल्या तर काय, हा प्रश्न मलाही होता.

घर माझ्या फंडातून उभं राहिलं. भाडं मी घेते, हीटर मी बघते. तरी कार्डवाला आला की बोलायचा आमच्या यजमानांशी. "काका, यंदा करून टाका." दवाखान्यात डॉक्टरसुद्धा मला विचारायचे, सिस्टर, काय करायचं? आणि माझ्याच ओसरीवर बसून हा गडी माझ्याकडे बघायचा तो फक्त चहाचा कप परत द्यायला.

यजमानांचं आधी सांगते. त्यांचं सायकलचं दुकान होतं. भूकंपात त्यांचं गावचं घर पडलं आणि त्यांची आई त्यात गेली. तेव्हापासून त्यांना प्रत्येक वस्तूची गॅरंटी लागते. मिक्सरची लागते, चपलेची लागते, एकदा छत्री घेताना दुकानदाराला गॅरंटी मागितली. मी म्हटलं, अहो, पावसाची पण घ्या लिहून. हसले, पण विचारायचं काही सोडलं नाही. कार्डाच्या बाबतीत ते अर्थात कार्डवाल्याच्याच बाजूचे होते.

मी आडमुठेपणानं नाही म्हटलं, असं मात्र कुणी समजू नये. हीटर जुना व्हायला लागला तेव्हा एक वर्ष मी करार करून बघितला होता. थंडीत पाणी कोमट यायला लागलं म्हणून फोन केला. माणूस आला, टाकीवर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "खार बसलाय. ते आमच्यात येत न्हाई." आमच्या बोअरचं पाणी असं, की नुसतं उकळलं तरी पातेलं आतून पांढरं होतं. लातुरात हीटरला दुसरं दुखणं असतं कुठं? मागच्या गल्लीतल्या प्लंबरला बोलावलं, त्यानं खार काढला, त्याच्या कामाचे पैसे मी त्याला दिले. पुढच्या वर्षी करार केला नाही.

यंदा कार्डवाला आला तेव्हा मी खुर्ची ओढली आणि त्याच्या समोरच बसले.

"खार बसला तर?" मी विचारलं.

"त्याचं अलग पडतंय, मॅडम."

"बोअर आटली, टँकर न्हाई आला, वर पाणीच न्हाई चढलं तर?"

"पाणी आमच्याकडं न्हाई."

"माकडानं काच फोडली तर?"

"तोडफोड बसत न्हाई त्याच्यात."

"आन् भूकंप झाला तर?"

यजमान खाकरले. कार्डवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ते दैवी आपत्तीत जातंय."

"मग तुमच्यात येतंय तरी काय?"

त्यानं कप खाली ठेवला. बिचारा खोटं बोलणारा नव्हता. "माणूस येतोय, मॅडम."

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि वर जेवणावळीचे पैसे आगाऊ! मी त्याला दुसरा चहा दिला आणि वाटेला लावलं.

"घे की," यजमान म्हणाले. "साऱ्या गल्लीनं घेतलंय. आपुनच काय लई शहाणे?"

"साऱ्या गल्लीनं डोकं गहाण ठेवलं म्हणून मी बी ठेवू?"

दुसऱ्या दिवशी मी एका पाटीवर रंगानं लिहिलं, इथे कार्ड नाही, गरम पाणी आहे, आणि ती दाराशी ठोकली. यजमानांनी ती चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली आणि आत जाऊन पडले. पुढचे दोन महिने उठता बसता आमच्या घरात कार्ड हाच विषय. लोकं हसतात, पालक विचारतात, कशाला नसता ताठा. मी म्हटलं, हसू द्या, हसण्यानं टाकीत खार बसत नाही.

माझी तयारी होती. अंगणात तांब्याचा मोठा बंब होता आणि भिंतीला रचलेल्या तुराट्या. आभाळ आलं, सोलर बसला आणि हीटरच्या विजेच्या कॉइलला लाईट नसली की मी पहाटे बंब पेटवायची. मुली बादल्या घेऊन यायच्या, केसांना धुराचा वास लागतो म्हणून कुरकुर करायच्या आणि आंघोळ करून क्लासला पळायच्या. मुदखेडची एक मुलगी होती, ती तेवढी कुरकुर करत नसे. बंबाशी बसून एकीकडे तुराट्या सारायची आणि दुसरीकडे हाडांची नावं पाठ करायची. चुकली की मी सांगायची. सगळ्यांत माझा जीव तिच्यावर होता, हे कबूल करायला मला लाज नाही.

पौषात दोन दिवस आभाळ भरून राहिलं. हीटरची विजेची कॉइलही तेव्हाच गेली आणि प्लंबर लग्नाला उदगीरला गेलेला. नेमके दुसऱ्या दिवशी सकाळी मुदखेडच्या त्या मुलीचे वडील गाडीनं आले. रेल्वेत नोकरी, बोलायला सरळ माणूस. अंगणात धूर बघून दारातच थबकले.

"सिस्टर, हे काय करून राहिलात? सोलर बंद हाय, आन् कार्ड बी न्हाई?"

"पाणी हाय की. हात घालून बघा."

त्यांनी बादलीत हात घातला आणि झटकन काढला. चांगलाच पोळला असणार. तरी म्हणाले, "आज हाय, हाव. उद्या तुमी बीमार पडल्या तर?"

हा प्रश्न मला लागला. कार्डवाल्याला मी बोलण्यात गुंडाळला होता, पण हे बोलण्यात गुंडाळण्यासारखं नव्हतं. गुडघे माझे, त्यांची खबर मलाच होती. जिन्यावर बाकीच्या मुली उभ्या राहून ऐकत होत्या.

मी बंबात तुराटी सारली. ते यजमानांकडे वळले. "काका, तुमीच समजवा न यांना."

मी मनात म्हटलं, झालं. दोन महिने हे याचीच वाट बघत होते.

यजमान ओसरीवरून उठले. "भूकंपानंतर आमी पत्र्याच्या शेडमंदी होतो," ते म्हणाले. "वरून पाऊस. बाळंतिणी होत्या, बारकी लेकरं होती. हिनं लोखंडी पिंप चुलीवर चढवलं आन् रोज पाणी तापवलं. हिला सोताला ताप होता, तरी तापवलं. आमाला बघायला लई गाड्या आल्या. माणसं आली, येतो म्हणली, गेली. ही गेली न्हाई."

मी बंबाकडे तोंड फिरवलं. माझा तो ताप मीच विसरले होते. शेडचं नाव निघालं की हे नेहमी उठून बाहेर जायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून त्यातलं अक्षर मी ऐकलं नव्हतं.

मुलीच्या वडिलांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि तरीही मुलीची बॅग उचलली. त्यांना मी दोष देत नाही, लेक त्यांची. ती फाटकाशी रडली. मी रडले नाही, पण तिचा तो मोकळा झालेला कोपरा मी दोनदा झाडला. मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात आणखी एक मुलगी गेली आणि त्या दोन खाटा निकाल लागेपर्यंत रिकाम्याच राहिल्या. बाकीच्या राहिल्या. प्लंबर आला, कॉइल बदलली. पाटी मी काढली नाही.

मुदखेडची मुलगी गेली त्याच दिवशी दुपारी जेवताना मी यजमानांना गाठलं. "एवढं पोटात होतं, तर दोन महिने कार्ड कार्ड म्हणून माझं डोकं का खाल्लं?"

त्यांनी भाकरी मोडली, ताटातच ठेवली.

"भ्या वाटतंय गं," ते म्हणाले. "अजून."

"मला बी वाटतंय," मी म्हटलं. "पण त्याचे पैसे मी कुणाला देणार न्हाई. भ्यायचंच असलं तर दोघं मिळून फुकट भिऊ. जेवा आता."