आखलेली खिडकी

चालायचा नाकासमोर, बोलायचा मोजकं आणि उभा राहिला की जमिनीशी काटकोन करूनच उभा राहायचा, म्हणून त्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. भिंत सरळ चढतेय की नाही ते त्यावरून कळतं. बायकोसुद्धा चिडली की त्याला ओळंबाच म्हणायची. चिडलेली नसली की अहो.

लग्नानंतर दोघं ज्या घरात राहायला आली ते एका लांबलचक रांगेतलं होतं. पुढं ज्याचं त्याचं दार, मागं मात्र सगळ्यांची मिळून एकच सलग भिंत. मागच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागे. तिथं बसून बायको लोकांच्या सदऱ्यांना काजं-बटणं करायची. सुईत दोरा ओवायचा म्हटलं की उठून पुढच्या दारापर्यंत यायची, ओवून पुन्हा अंधारात जाऊन बसायची. भिंतीपलीकडे मोकळी जागा होती आणि एक झाड होतं, हे तिला माहीत होतं. एक दिवस ती म्हणाली, सगळ्या जगाला खिडक्या पाडून देता, मला एक द्या की.

ओळंब्याला ते लागलं. त्यानं तेव्हाच काटकोन बघायचा गुण्या काढला, ओळंबा धरला आणि मागच्या भिंतीवर निळ्या रंगानं खिडकीची चौकट आखली. वर, खाली, दोन्ही बाजू, कुठं केसभर फरक नाही. पुढच्या महिन्यात फोडू, म्हणाला. माणसाला जे करायचं ते रोज डोळ्यांसमोर राहिलं पाहिजे, म्हणजे हातून होतं, असं त्याचं ठाम मत होतं आणि ते तो कामावरच्या लोकांना फुकट वाटायचा.

तर खिडकी डोळ्यांसमोर राहिली. पुढच्या महिन्यात दुसरीकडे काम आलं, मग लेक झाली, मग पाऊस, मग चौकट करून देतो म्हणणारा सुतार गाव सोडून गेला. रंग फिका पडला की ओळंबा तेवढा तत्परतेनं पुन्हा द्यायचा. पी हळद अन् हो गोरी असं होत नसतं, असं बायकोलाच ऐकवायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. रोज दिसणारी गोष्ट काही काळानं दिसतच नाही, हे त्या शहाण्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग बायकोनं थट्टेनं त्या चौकटीवर पडदा लावला. पिवळ्या कापडाचा, पितळी कड्यांचा. सकाळी उठली की सर्रकन पडदा बाजूला करायची आणि दिवेलागणीला ओढून घ्यायची. शेजारणी हसल्या, लेक हसली, ओळंबाही हसला. थट्टेची सवय झाली आणि सवय म्हातारी झाली. कामावर निघताना ओळंबा एकदा त्या उघड्या पडद्याकडे बघायचा, यंदा नक्की, असं म्हणायचा आणि चपला घालायचा.

बायको गेली ती त्या खोलीतच, दिव्याच्या उजेडात.

ती गेल्यावरही कड्या वाजत राहिल्या. ओळंबा मोरीत तोंड धूत असला की मागून सर्रकन आवाज येई. जाऊन बघावं तर पडदा बाजूला झालेला. आपणच उठल्या उठल्या सरकवला असेल, हात काय, सवयीचे गुलाम, अशी तो स्वतःची समजूत घाली. भुताखेतांना त्यानं कधी भीक घातली नव्हती. पण पुढं भिंतीतूनही आवाज यायला लागला. दोन ठोके आणि एक फरफट. पुन्हा दोन ठोके, फरफट. भर सकाळी, स्वच्छ. उंदीर असतील म्हणून त्यानं पिंजरा लावला. उंदीर सापडला नाही आणि ठोके थांबले नाहीत.

लेक त्याला न्यायला यायची. तिच्या घरी जागा होती, उजेड होता, जावई भला माणूस होता. ओळंबा म्हणायचा, खिडकी झाली की येतो. आता कुणासाठी, असं विचारायचं लेकीच्या जिभेवर यायचं आणि ती गिळून टाकायची. शेवटी तिनं निक्षून सांगितलं, या रविवारी सामान बांधूनच नेणार. ओळंबा हो म्हणाला. शब्द दिलाय तो पुरा करून निघायचं, नाहीतर गेलेली बायको आपल्याला कुठंच झोपू देणार नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

रविवारी लेक आली तेव्हा तो छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीपुढे उभा होता. पडदा काढून घडी करून ठेवलेला. लेकीनं पदर नाकाला लावला आणि दारातच बसली.

गिलावा पडला, पहिली वीट निघाली, दुसरी निघाली. उजेड काही आला नाही. ओळंब्यानं भोकात हात घातला. चार बोटं पोकळी आणि त्यापुढं दुसरी भिंत. असणारच. मागच्या गल्लीतल्या घरांनी ती मोकळी जागा कधीच गिळली होती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तो चाचपडत राहिला. विटांच्या सांध्यातला सिमेंटचा माल अंगठ्यानं निपटून काढलेला होता. दिसणाऱ्या बाजूनं कुणीही निपटतं. जी बाजू कुणाला कधी दिसायची नाही तिथं हात घालून अंगठा फिरवणारा एकच गवंडी होता, आणि त्यावरून मुकादमाच्या शिव्या खाणाराही तोच. त्याचा अंगठा त्या खोबणीत बरोबर बसला.

मागच्या गल्लीतल्या त्या कामावर तो लांबच्या वळशानं जायचा. तिकडून बघितलं तर या रांगेतल्या सगळ्या घरांची पाठ सारखीच. घरं मोजली असती तर कळलं असतं. मोजली नव्हती. की मोजायची नव्हती, हे त्याला आता ठरवता येईना. दोन ठोके वीट बसवायला, एक फरफट माल ओढायला. त्या फटीत हात घालून सांधे निपटताना त्याच्या बोटांची पाठ स्वतःच्याच घराला घासत होती, आणि आत बायको बसली होती.

"तिला कळलं असेल का गं?" त्यानं मागं न वळता विचारलं.

लेकीनं सांगितलं. मागची घरं उठत होती तेव्हा ती शाळेत जायची. आईनं तिला जवळ बोलावून भिंतीला कान लावायला सांगितला होता आणि म्हणाली होती, ऐक, तुझे बाबा आहेत. ठोक्यावरून ओळखलं होतं तिनं. थोड्या वेळानं तो खोकला, तेव्हा खात्रीच पटली. लेक धावत जाऊन सांगणार होती. आईनं हात धरून बसवलं आणि शपथ घातली. कामाची चणचण होती त्या वर्षी, कळलं असतं तर त्यानं हातचं काम सोडलं असतं. आणि बाबांना कळलं तर ते पुन्हा या भिंतीकडे बघणार नाहीत, असंही म्हणाली. जिच्या तोंडात तीळ भिजत नसे त्या बाईनं हे एवढं जन्मभर पोटात ठेवलं होतं.

"मग रोज सकाळी पडदा कशाला सरकवायची?"

"तुम्ही निघताना एकदा तिकडे बघायचात ना, बाबा. तेवढ्यासाठी."

ओळंब्यानं दोन्ही विटा जागेवर बसवल्या, माल कालवला आणि भोक बुजवलं. मग हात धुतले आणि मुकाट्यानं लेकीबरोबर निघाला. दार ओढून घेतल्यावर तो क्षणभर थांबला. लेकीला वाटलं रडतोय. तो नुसता कान देऊन ऐकत होता. आत काहीच वाजलं नाही.

लेकीनं त्याला खिडकीजवळची खाट दिली आहे. बाहेर अंगण दिसतं, झाड दिसतं, सकाळी ऊन थेट उशीवर येतं. ओळंबा भिंतीकडे तोंड करून निजतो. लेकीनं विचारलं तर उजेड सोसत नाही म्हणतो.