कडूबाचा नकार

वेरूळच्या शिवारात मेंढरं राखून म्हातारा झालेल्या कडूबाला जन्मात एक गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे ‘नाही’ म्हणणं. कुणी कोकराचं कौतुक केलं की कोकरू गेलंच म्हणून समजा! बायको बानाबाई कपाळावर हात मारून घ्यायची.

ती बानाबाई अंगणात घसरली आणि तिचा खुबा मोडला. लेकानं तिला औरंगाबादच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजीला पडून राहू द्यायचं नाही. छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, माणूस हातचं जातं. उद्याच ऑपरेशन करू. सकाळी पोट रिकामं हवं.”

सकाळी बानाबाई कळवळली, “आवं, घसा सुकला. घोटभर चहा तरी द्या.” झालं! कडूबानं चहा आणला, वर त्यात पाव बुडवून मायेनं भरवला. डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला. भुलीत पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. पडून पडून संध्याकाळी बानाबाईला धाप लागली, तेव्हा आपल्या मायेनं काय करून ठेवलं ते कडूबाला उमगलं.

दुसऱ्या दिवशी तो उजाडल्यापासून काठी आडवी धरून खाटेपाशी बसला. तेवढ्यात थोरली बहीण कस्तुराबाई शिऱ्याचा डबा घेऊन आली. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. तिचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता.

“अरं, कालपासून उपाशी ठिवलीय व्हय हिला? दोन घास भरवते.”

कडूबा उठला.

“नाय आक्का. आज नाय.”

कस्तुराबाई डबा उचलून ताडताड निघून गेली.

“माझ्या नंदेला हाकललं तुमी?” बानाबाईनं विचारलं. कडूबाला रडू आवरेना, पण काठी काही त्यानं बाजूला केली नाही.

दुपारी ऑपरेशन पार पडलं. बहिणीच्या पाया पडावं म्हणून तो गावी जायला निघाला, तर ती फाटकातच बसलेली. भोवती अर्धं गाव आणि प्रत्येकाच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं.

“झालं का?” तिनं विचारलं.

“झालं. उद्या उभी करणार हायेत.”

कस्तुराबाईनं पदरानं डोळे पुसले. “एकालाबी वर सोडलं नाय मी.”

“पर आक्का, तू तर रागावून गेली व्हतीस.”

“जिन्यापातुर व्हता राग. मंग म्हणलं, ह्यो मला नाय म्हणतोय, म्हंजी बानाचा जीव लई धोक्यात हाय.”