जावयाचे लाकडी डोके आणि आमची ठकी

संपादक महाशय आणि वाचक मंडळी, आधी क्षमा मागतो. आपल्या मासिकात अनुभव लिहून पाठवणारे गृहस्थ वकील असतात, मामलेदार असतात, निदान मास्तर तरी असतात. मी इंदूरच्या कॉलेजात शिकणारा एक साधा विद्यार्थी. आमचे घर देवासचे, धंदा पगड्या बांधण्याचा, आणि घराण्यात इंग्रजी अक्षर ओळखणारा मीच पहिला. त्यातून विषय असा की, सभ्य माणसांच्या मासिकात तो कोणत्या शब्दांत मांडावा याचाच विचार करण्यात माझे बरेच दिवस गेले. विषय मांजराच्या मूत्राचा आहे. आमची आत्या वापरते तो शब्द मी येथे लिहीत नाही.

दुसरी गोष्ट — भुतेखेते, नजर, करणी यांवर माझा कधीही विश्वास नव्हता. लहानपणी स्मशानाजवळची बोरे मीच काढून आणत असे. कॉलेजात लॉजिक शिकू लागल्यापासून तर घरातल्या प्रत्येक नवसावर मी वाद घालत असे. तेव्हा पुढे जे लिहितो ते भाविक माणसाने लिहिलेले नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

आमच्या धंद्याची थोडी माहिती दिल्याशिवाय गोष्ट कळणार नाही. पगडी बांधायची ती डोक्याच्या मापाच्या लाकडी साच्यावर. प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाचा साचा आमच्या घरी असतो, आणि आम्ही त्याला साचा न म्हणता ‘डोके’च म्हणतो. देवास हे एकच गाव, पण राज्ये दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. म्हणून थोरल्या पातीच्या मानकऱ्यांची डोकी उजव्या फळीवर आणि धाकट्या पातीची डाव्या फळीवर, अशी आमच्या आबांची — म्हणजे वडिलांची — कडक शिस्त. पगडीच्या कापडाला खळ लावतात. खळीच्या वासाने उंदीर येतात, म्हणून आमच्या धंद्यातल्या प्रत्येक घरी मांजर लागतेच. आमच्या मांजरीचे नाव ठकी. माझी धाकटी बहीण वेणू हिने तिला बोटाने दूध पाजून वाढवलेली. मागच्या पडवीत चुलीतल्या राखेने भरलेले एक घमेले असे, आणि ठकीचा सर्व कारभार त्या घमेल्यात. इतकी नेमस्त मांजर की आत्या आम्हांला तिचा दाखला देत असे.

त्या वर्षी वेणूचे लग्न धारला ठरले. मुलगा गणपतराव, त्यांचाही धंदा पगड्यांचाच. वेणूचे आधी एक स्थळ ठरून मोडले होते. कारण क्षुल्लक होते, पण गाव क्षुल्लक म्हणत नाही. हेही मोडले असते तर पुढे कोणी विचारले नसते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते.

आम्हां पगडबंदांत अशी रीत आहे की, लग्न ठरले की नवऱ्याकडून त्याचे लाकडी डोके मुलीच्या घरी येते. त्यावर मुलीच्या बापाने स्वतःच्या हाताने लग्नाची पगडी बांधायची, आणि लग्नाच्या दिवशी ते डोके सुपात घालून विहीणबाईंना परत करायचे. डोके घरी असेपर्यंत त्याला जावयाचा मान. धारहून डोके आले तेव्हा आईने ते पाटावर बसवले, कुंकू लावले, पुढे पेढा ठेवला. वेणू दाराआडून पाहत होती. मी उन्हाळ्याच्या सुटीत घरी आलेलो. डोके चांगले शिसवी होते, जरा मोठेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या ओरडली, “अगो, जावयाच्या डोक्याला घाम आलाय!”

तो घाम नव्हता.

आबांनी वास घेतला आणि ते खाली बसले. ठकी चुलीजवळ तोंड धूत होती, जणू तिचा काही संबंधच नाही.

“सदू,” आबा मला म्हणाले, “तू शिकलेला. हे धारला कळलं तर काय होईल ते सांग.”

“मांजराला कळत नाही आबा, एखाद्या वेळी—”

“मांजराला नाही रे, विहीणबाईंना कळतं ना! लेकाच्या डोक्यावर मुलीकडचं मांजर… छे छे छे.”

मी शास्त्रीय उपाय सुरू केले. घमेल्यातली राख शिळी झाली असावी म्हणून ताजी भरली. पडवीत कुत्री येतात, तिला भीती वाटत असावी, म्हणून घमेले आत आणले. एक पुरत नसेल म्हणून दुसरे मांडले. डोके रिठ्याने धुतले, चिंचेने घासले, लिंबू चोळून उन्हात ठेवले. ठकी दोन्ही घमेली नीट वापरी — आणि शिवाय डोकेही. डोके उंच फळीवर ठेवले, तेथेही तेच. पेटीत घातले, तर पेटीच्या झाकणावर.

“फळीवर एवढी डोकी आहेत,” आई म्हणे, “दोन्ही पातींची. त्यांना कधी शिवली नाही. ह्यालाच का?”

आत्या म्हणाली, “ह्याला पातीच नाही ना! उजवीकडे बसवावं का डावीकडे, तिला कळेना, म्हणून आपली खूण करते बिचारी.”

मग मी एक्स्पेरिमेंट केला. आमच्या प्रोफेसरांनी शिकवले होते की, सर्व गोष्टी सारख्या ठेवून एकच बदलावी. मी फळीवरची डोकी खाली उतरवली, त्यांत धारचे डोके मिसळले, सर्वांवर सारखे पांढरे फडके घातले आणि इतका फेरबदल केला की कोणते कोणाचे हे मलाही सांगता येईना. मग भर दुपारी, घरातल्या सर्वांसमोर, ठकीला सोडले. ती थोरल्या पातीच्या एका सरदाराला हुंगून पुढे गेली. धाकट्या पातीच्या खजिनदाराला वळसा घातला. मग एका फडक्यापाशी थांबली, आमच्याकडे एकदा पाहिले, वर चढली, आणि…

फडके काढले. धारचेच.

“झालं तुझं कालेज?” आत्या म्हणाली. “हा शकुन आहे. मांजर घालवा. टोंकखुर्दला धान्याच्या गाड्या जातात, पोत्यात घालून द्या सोडून.”

वेणू आजवर या प्रकरणात एक शब्द बोलली नव्हती. ती बाहेर आली, ठकीला उचलून तिने पदरात घेतले आणि म्हणाली, “ठकी गेली तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही.”

“अगं, तुझ्याच लग्नासाठी!” आत्या म्हणाली.

“मग लग्न कशाला करायचं? घरच्या जिवाला पोत्यात घालून?”

आबांनी कपाळावर हात मारला. “मांजर ठेवलं तर लग्न मोडतं, मांजर सोडलं तर लग्न मोडतं. सदू, हे तुझ्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे?”

कोठल्याच पानावर नव्हते. शेवटी तोड निघाली ती अशी की, ठकीला धान्याच्या खोलीत कोंडायचे. खोलीला खिडकी नाही. कुलूप आबांनी लावले, किल्ली कनवटीला खोचली. तिचे दूध आणि एक घमेले आत ठेवले. डोके माजघरातल्या उंच फळीवर.

सकाळी आबांनी किल्ली सर्वांना दाखवून कुलूप उघडले. ठकी पोत्यावर निजलेली, घमेले नीट वापरलेले. आणि फळीवरचे डोके ओले. वास तोच.

वाचक हो, येथे माझे लॉजिक थांबले. उंदराचे असेल, छप्पर गळत असेल, अशा सर्व शक्यता मी मांडून पाहिल्या. उन्हाळ्यात छप्पर कसे गळेल? आणि उंदराचा वास मला कळतो. आमचा धंदाच तो आहे. मी गप्प बसलो. मी गप्प बसलेला पाहून घरचे जास्त घाबरले.

लग्न जवळ आले होते आणि त्या डोक्यावर पगडी बांधणे भाग होते. वास लाकडात मुरलेला. तो पगडीत उतरला असता. शेजारी भेरा सुतार राहत असे. आबांनी त्याला बोलावले आणि शपथ घालून सांगितले की, वरचा थर रंध्याने काढ, पण बाहेर बोलू नकोस.

भेराने डोके हातात घेऊन फिरवले. “भिया, यो माथो है के कद्दू?”

“भोपळा नाही, डोकंच. जावयाचं आहे,” आबा म्हणाले.

“तो कितरो छीलूं?”

“वास जाईपर्यंत.”

भेरा रंधा मारी, आबा वास घेत. “अजून.” पुन्हा रंधा, पुन्हा वास. “अजून थोडं.” वेणू आत जाऊन बसली, तिला ते पाहवेना. शेवटी वास गेला. ठकीने येऊन डोके हुंगले आणि ती सरळ घमेल्याकडे निघून गेली. त्या दिवसापासून तिने त्या डोक्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

पण डोके लहान झाले होते! आबांनी दोरी लावून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. मोठ्या डोक्याला लहान पगडी म्हणजे ती वरच्या वर नारळासारखी बसणार, आणि मंगलाष्टके चालू असताना घरंगळणार. पगडबंदाच्या लग्नात, पगडबंदाच्या डोक्यावरून, पगडबंदाने बांधलेली पगडी! सासऱ्याने तोंड कोठे लपवावे? बरे, अंदाजाने मोठी बांधावी तर आबांचा हात साच्याशिवाय चालेना, आयुष्यभराची सवय. त्यांनी देवाचे नाव घेतले आणि ज्या मापाचे डोके होते त्या मापाची पगडी बांधली.

लग्न देवासलाच होते. पगडी गणपतरावांच्या डोक्यावर ठेवण्याचा मान माझा, मुलीच्या भावाचा. मी पगडी इतक्यांदा फिरवून पाहिली की भटजी म्हणाले, “अहो, तुमचं लग्न नाही.” गणपतरावांनी डोक्याला पातळ फडके घट्ट गुंडाळले होते, धारची रीत असेल असे मला वाटले. त्यावर मी पगडी ठेवली… आणि ती बसली. सैल नाही, घट्ट नाही. जणू त्या डोक्यावरच बांधली होती. आबांनी माझ्याकडे पाहिले, मी आबांकडे. आईने सुपात घालून लाकडी डोके परत केले. विहीणबाईंनी ते उलटे-सुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, “चांगलं घासूनपुसून ठेवलंत हो.” आत्याला तेवढ्यात खोकला आला.

येथपर्यंत मी मनाची समजूत घातली होती. ठकीला धारच्या घरातल्या एखाद्या बोक्याचा वास आला असेल, आपल्या घरात परका वास नको म्हणून ती खूण करीत असेल. कुलपाच्या दिवशी आमचेच काही पाहण्यात चुकले असेल. आणि डोके मुळातच मापापेक्षा मोठे घडवलेले असेल. समजूत बरी होती. मी तिच्या बळावर परीक्षेचा अभ्यासही केला.

दिवाळीच्या सुमारास गणपतराव कापड खरेदीला इंदूरला आले आणि माझ्या खोलीवर उतरले. जेवण झाल्यावर मी सहज विचारले, “तुमच्याकडे बोका आहे ना?”

“बोका? नाही बुवा. आमच्या आईला मांजराचा वाससुद्धा खपत नाही. आम्ही उंदरांना सापळे लावतो.” मग जरा थांबून ते म्हणाले, “तुम्ही शिकलेले आहात, मेहुणे. एक विचारू? हसाल.”

“नाही हसणार.”

“लग्नाआधी मला एक चमत्कारिक आजार झाला होता. सकाळी उठलो की डोकं ओलं. आणि वास… मांजराचा. घरात मांजर नाही! आईला वाटलं मीच अंथरुणात… पण ती म्हणाली, अरे, पायथ्याशी ओलं असतं तर समजले असते, उशाशी कसं?”

मी हसलो नाही. मला हसू आलेच नाही.

“वैद्यांनी रिठे सांगितले, तर त्याच्या आधीच एक दिवस डोक्याला रिठ्याचा वास आला. मग चिंच, मग लिंबू. मी काही लावलेलं नसताना! आणि एके दिवशी दुपारी डोकं असं दुखलं म्हणता — कोणी रंधा मारतंय जणू. केस झडले सगळे. शेवटी गोटाच केला. लग्नात पगडीखालच्या फडक्याआड काय होतं, ते कोणाला कळलं नाही, म्हणून निभावलं.”

“घरी काय म्हणाले?”

“आई म्हणत होती, मुलीकडच्यांना सांगून टाकू, फसवणूक नको. मी पाया पडलो तिच्या. म्हटलं, मोडेल. मी वेणूला पाहून आलो होतो ना, मेहुणे…” आणि ते लाजून खिडकीबाहेर पाहू लागले.

मग मी त्यांना आमच्या बाजूचे सर्व सांगितले. सांगू नये असे वाटत होते, पण त्यांनी इतके मोकळेपणाने सांगितल्यावर राहवले नाही. ऐकता ऐकता त्यांचा हात सावकाश डोक्यावर गेला आणि तेथेच राहिला.

मी प्रोफेसरांना विचारले. ते म्हणाले, योगायोग. असेल. दोन्ही घरांनी एकाच गोष्टीसाठी एकमेकांपासून एकच वास लपवला आणि त्यामुळे लग्न झाले, एवढे मला कळते. बाकीचे कळत नाही. कोणा वाचकास कळले तर कृपा करून लिहावे.

परवाच देवासहून निरोप आला. ठकी व्याली, आणि वेणूने धारहून हट्ट धरून एक पिल्लू मागवले. सासूबाई नको म्हणत होत्या. गणपतरावांनीच त्यांना समजावले. पिल्लू सुखरूप पोहोचले आहे आणि राखेच्या घमेल्यात नियमाने जाते. गणपतराव मात्र आता आपले लाकडी डोके कुशीत घेऊन निजतात. ही धारच्या पगडबंदांची रीतच असावी असे वेणूला वाटते, म्हणून तिने त्यांना काही विचारलेले नाही.